नवतपात तोंडं बांधून झालेली एकी

हॅलो, हॅलो, माईक टेस्टिंग. समस्त नागरिक बंधू-भगिनींना अत्यंत गांभीर्यपूर्वक कळविण्यात येते की, आज सकाळी न्याहारीच्या वेळी, रायपूरच्या पुरानी बस्तीतील आमच्या राहत्या घरी, कपाटाच्या वरच्या कप्प्यातून एक सुती गमछा सन्मानपूर्वक बाहेर काढण्यात आला असून तो पुढील आदेशापर्यंत माझ्या तोंडावर राहील. या प्रसंगी उपस्थित असलेल्या माझ्या मुलीने "पापा, प्लीज, एकदम डाकू लग रहे हो" असे उद्गार काढले. मी तिला मराठीत उत्तर दिले. ते तिला समजले, पण तिने न समजल्यासारखे केले. सभा बरखास्त.

म्हणजे थोडक्यात, नवतपा लागला.

उन्हाळ्याचे हे सगळ्यात जहाल नऊ दिवस. दुपारी रस्त्यावर झांझ सुटते. झांझ म्हणजे इथली लू, पण लू म्हटलं की काहीतरी शायरीतलं वाटतं, आणि झांझ म्हटलं की कुणीतरी कानाखाली वाजवल्यासारखं वाटतं. म्हणून मी झांझच म्हणतो. डांबर चपलेला चिकटतं. झांझ बाधू नये म्हणून खिशात कांदा ठेवून माणसं कचेरीत जातात आणि संध्याकाळपर्यंत सगळी कचेरी भज्यांच्या तयारीत असल्यासारखी दरवळते. रात्रीच्या भातात पाणी घालून सकाळी केलेली बासी, सोबत चिमूटभर मीठ आणि हिरवी मिरची, ही तेव्हा कुठल्याही पक्वान्नाला मागे टाकते. कूलरमध्ये नवी खस, म्हणजे वाळा, भरली की पहिल्या पाण्याला जो वास सुटतो, त्यासाठी मी वर्षभर थांबायला तयार आहे.

आणि गमछा. डोकं, कान, नाक, गळा सगळं त्यात गुंडाळायचं. उरतात फक्त डोळे. अख्खं शहर एकसारखं दिसतं. आमच्याकडे याचा एक अलिखित शिष्टाचार आहे. तोंड बांधलेल्या माणसाला ओळख दाखवायची सक्ती नाही. सासरा समोरून आला तरी चालतं. ओळखता तुम्ही पक्कं, चालण्यावरून, स्कूटरवरून, खोकल्यावरून. पण गमछा आहे म्हटल्यावर दोघंही निर्दोष. मला हा शिष्टाचार फार आवडतो. गेली चाळीसेक वर्षं मी मंडळाच्या गणपतीत नाटकं करतो, त्यामुळे तोंड झाकून खरं बोलण्याची गंमत मला ठाऊक आहे.

तरीही दरवर्षी हा गमछा पहिल्यांदा नाकावर आला की मला संताप येतो. अगदी कानशिलं तापतात, आणि त्यात उन्हाचा काही संबंध नसतो. मला काही वर्षांपूर्वीचा एक नवतपा आठवतो.

माझं माईकचं दुकान आहे. लग्न, भागवत सप्ताह, निवडणूक, मोर्चा, जिथे जिथे माणसाला मोठ्यानं बोलायचं असतं तिथे मी. शिवाय मी समाजवादी आहे. हे दोन्ही एकत्र असण्याचा फायदा असा, की रायपुरातल्या तिन्ही समाजवादी गटांच्या सगळ्या सभा मी ऐकल्यात. हो, तीन. पहिला गट गुलाबकाकांचा. काका रेल्वेतून रिटायर झालेले, मूळचे विदर्भातले, बोलणं तिकडचंच. त्यांचं म्हणणं, आधी मजुरांची संघटना, निवडणूक नंतर. दुसरा गट दिवाकर वकिलांचा. ते आमच्यासारखेच मराठ्यांच्या राज्यात इथे आलेल्या जुन्या घरातले. त्यांचं म्हणणं, आधी निवडणूक, म्हणजे संघटनेला बळ मिळेल. या वादावरून फार वर्षांपूर्वी एका पार्टीच्या दोन झाल्या. तिसरा गट आमचा. आम्ही त्या फुटीचा निषेध म्हणून फुटलो.

हसा. मीही हसतो. हसून झालं की राग येतो.

त्यातून गुलाबकाका आणि दिवाकर वकील सख्खे साडू. दोघांच्या बायका बहिणी. पार्टी फुटल्यापासून दोघं एकमेकांशी अक्षर बोललेले नाहीत. लग्नाकार्यात एक पहिल्या पंगतीला बसला की दुसरा दुसऱ्या पंगतीला. बहिणी मात्र रोज फोनवर तासन्‌तास बोलायच्या, आणि दोन्ही पार्ट्यांची गुपितं भाजीच्या भावासारखी इकडून तिकडे जायची.

त्या वर्षी तिन्ही गटांना वरून, खालून, सगळीकडून ढोसण्यात आलं की आता पुरे झालं, एक मोठी पार्टी करा. तेंदूपत्ता तोडणाऱ्यांच्या समित्या, बस्त्यांमधल्या बायका, कॉलेजातली पोरं, सगळे विचारत होते, आम्ही यायचं ते कुठे? म्हणून एकता समिती झाली. बैठका चौबे कॉलोनीत दिवाकर वकिलांच्या घरी, कारण त्यांच्याकडे मोठा कूलर होता. गुलाबकाका पाण्याची बाटली घरून आणत. साडूच्या घरचं पाणी पिणार नाही. पण मधेच उठून स्वयंपाकघरात जात आणि तिथे मेहुणीच्या, म्हणजे शालूमावशींच्या हातचा चहा उभ्याउभ्या पिऊन येत. तो चहा तत्त्वाच्या बाहेर होता.

बोलायचं असलं की काका माझ्याकडे पाहून म्हणत, "अध्यक्ष महोदय, त्या समोरच्या गृहस्थाले सांगा, का आधी फुटीची चूक कबूल करा म्हणा. मंग पुढचं."

मी अध्यक्ष, कारण माझा गट सगळ्यात लहान होता आणि आवाज सगळ्यात मोठा. मी डावीकडे वळून तेच शुद्ध मराठीत सांगायचो. दिवाकर वकील छताकडे पाहून म्हणत, "अध्यक्षांनी त्यांना कळवावं, की चूक ज्यांनी केली त्यांनीच ती कबूल करण्याची पद्धत आहे."

मग मी उजवीकडे वळायचो. टेबलफॅनसारखा.

नव्या पार्टीला 'व्यापक' म्हणायचं की 'संयुक्त', यावर एक अख्खी संध्याकाळ गेली. जुने गट विसर्जित करायचे की आत गट म्हणून राहू द्यायचे, यावर तर आंबे संपत आले. मला सुरुवातीला खरंच मजा येत होती, खोटं कशाला सांगू. एकेकाचा अभिनय काय! हातवारे काय! नाटकात अशी माणसं मिळाली असती तर आम्ही स्पर्धा जिंकल्या असत्या.

आणि त्याच दिवसांत उरल्याला मनहरण भाजला.

उरला म्हणजे आमच्या शहराचा लोखंडी शेजार. तिथल्या दोरीवर वाळत घातलेला पांढरा शर्ट संध्याकाळी राखाडी होऊन घरात येतो. एका रोलिंग मिलमध्ये लालभडक सळई उसळली आणि मनहरणचा उजवा हात कोपरापर्यंत भाजला. मिलनं सांगितलं, हा आमचा माणूसच नाही, ठेकेदाराचा आहे. ठेकेदारानं मलमाची ट्यूब दिली आणि सांगितलं, बरा झाला की बघू. मनहरणची बायको सुकवारो बाई मिलच्या गेटसमोर जाऊन बसली. तिचं मागणं एवढंच होतं, की मिलनं हा आमचा माणूस आहे असं म्हणावं, त्याच्या हातावर नीट उपचार करावेत आणि त्याला कामावर परत घ्यावं. तिच्या मागोमाग ठेक्यावरचे बाकीचे मजूर काम थांबवून बाहेर आले. गेट बंद झालं. ठेकेदार बाहेरगावाहून नवी माणसं आणणार, अशी बातमी त्याच दिवशी पसरली.

आता तिन्ही गट धावले. धावले म्हणजे काय, तीन लाल झेंडे, तीन ताडपत्र्या आणि तीन भोंगे, तिन्ही माझ्याच दुकानातले. तिन्ही भोंग्यांतून एकाच वेळी तीन भाषणं सुरू. शेजारच्या धाब्यावरच्या ट्रक ड्रायव्हरला वाटलं, इथे कसलीतरी स्पर्धा आहे. मिलच्या मॅनेजरनं आतून निरोप पाठवला, तो मी शब्दशः ऐकला: "पहले तय कर लो कि पार्टी कौन-सी है, फिर बात करेंगे।" आणि तो हसला म्हणे. का नाही हसणार? आम्ही त्याचं काम फुकटात करत होतो.

सुकवारो बाई बोलायला तिखट. तीन भोंग्यांच्या मध्ये बसून ती मला म्हणाली, "ए माईकवाला भैया, तोर दुकान मा चुप कराय के मशीन नइ हे का?" गप्प करायचं यंत्र नाही का तुझ्या दुकानात! मी मोठ्यानं हसलो. ती हसली नाही.

दुपारी झांझ सुटली की भोंगे आपोआप बंद पडायचे. भाषण करणाऱ्याच्या घशाला कोरड पडायची आणि सगळे गमछे बांधून मिळेल त्या सावलीत घुसायचे. सावली एकच होती, मधल्या ताडपत्रीखाली, जिथे सुकवारो बाईचे पाण्याचे माठ होते. अशाच एका दुपारी मी पाहिलं, लाल चौकड्याचा गमछा बांधलेले गुलाबकाका आणि पांढऱ्या गमछ्यावर चष्मा चढवलेले दिवाकर वकील शेजारी शेजारी बसलेत. काकांच्या पायात ते रेल्वेतले काळे बूट होते. उन्हाळ्यात बूट घालणारा रायपुरात दुसरा माणूस नाही. वकिलांनी त्या बुटांकडे पाहिलं. मग समोर पाहिलं.

"कुठले तुमी?" काकांनी विचारलं.

मी माठाआड सरकलो. असं नाटक तिकीट काढूनही पाहायला मिळत नाही.

"चौबे कॉलोनीकडचा," वकील म्हणाले.

"असं काय. तिथं एक वकील राहते म्हणे."

"राहतो. ओळखता तुम्ही?"

"वळख कायची बाप्पा. ऐकून हाय. लय शिकेल माणूस, पण अक्कल कोर्टात जमा करून आला म्हणते."

"माझ्याही कानावर आलंय तसं. आणि ते रेल्वेतले एक गुलाबराव आहेत ना…"

"हायेत. हायेत एक."

"ते म्हणे रिटायर झाले तरी अजून हिरवा झेंडा दाखवल्याशिवाय कुणाला पुढे जाऊ देत नाहीत."

गमछ्याआड काहीतरी झालं. खोकला होता की हसू, सांगता येत नाही.

मग काकांनी आवाज खाली आणला. "त्या वकिलाले जर कोनी सांगतलं, का फुटीची चूक कोनाची ते मंग पाहू, आधी या गेटात संगं जाऊ, तर तो मानन का?"

"मानेल. पण त्याच्या लोकांना भीती वाटते. एकदा एक झालो की आपलं तोंड बंद करतील म्हणतात."

"कोन बंद करते?"

"तुमचे ते गुलाबराव."

"हं." काकांनी पाण्याचा लोटा उगाच इकडचा तिकडे ठेवला. "तो गुलाबराव बी भेतेच ना, भाऊ. त्याले वाटते, इलेक्शन आलं का हे वकील लोक मजुराले इसरून जातात. एकडाव इसरले बी हायेत."

"विसरले होते," वकील म्हणाले. कबुली अशी सहज आली की मला माझ्या कानांवर विश्वास बसेना. एवढं एक वाक्य ऐकायला आम्ही चौबे कॉलोनीत किती संध्याकाळी कूलरसमोर वाळत घातल्या होत्या! "मग असं करा म्हणावं. मत वेगळं असेल तर वेगळं राहू दे. सभेत भांडा, लिहा, पुन्हा मांडा. पण ठरलं की सगळ्यांनी मिळून जायचं. आणि ज्याचं मत हरलं त्याला गद्दार म्हणायचं नाही."

"गद्दार हा त्या गुलाबरावाचा लय लाडका शब्द हाय."

"माहीत आहे मला."

"सोडन तो. तरास होईन त्याले, पण सोडन."

सुकवारो बाई माठ भरायला आली आणि दोघांकडे पाहून म्हणाली, "का गोठियावत हव बबा?" काय गप्पा चालल्यात म्हाताऱ्यांनो? दोघंही एकदम म्हणाले, "गरमी बहुत है।"

मला वाटलं, झालं. मी नाचायचा बाकी होतो.

संध्याकाळी चौबे कॉलोनीत बैठक. तोंडं उघडी. पंखा, कूलर, आंब्याच्या पानांची सावली खिडकीत, सगळं प्रसन्न. आणि गुलाबकाकांनी घसा खाकरून सुरुवात केली, "अध्यक्ष महोदय, त्या समोरच्या गृहस्थाले सांगा, का आधी फुटीची चूक…"

मी टेबलावर हात आपटला. माझ्या आयुष्यात मी माईकशिवाय इतक्या मोठ्यानं ओरडलो नव्हतो. काय ओरडलो ते छापण्यासारखं नाही. पण राग कशाचा होता ते सांगतो, कारण तो अजून उतरलेला नाही. या माणसांना एकमेकांचं म्हणणं कळत नव्हतं असं नाही. पुरतं कळत होतं. पटतही होतं. पण आपल्याला पटलंय हे आपल्या माणसांदेखत आपल्या चेहऱ्यावर दिसू देणं, हे त्यांना मरणाहून अवघड वाटत होतं. पार्टी कशासाठी असते? भाजलेल्या माणसाच्या बाजूनं मोठ्यानं बोलायला. आणि आम्ही ती कशासाठी चालवत होतो? आम्ही बरोबर होतो हे एकदाचं सिद्ध व्हावं म्हणून. बरोबर असण्याची ही चैन आम्ही कुणाच्या हातावर करत होतो? आणि वर स्वतःला समाजवादी म्हणवत होतो. समाज दारात उन्हात बसलेला, आणि वाद आत कूलरमध्ये.

माझा आरडाओरडा ऐकून शालूमावशी बाहेर आल्या. दुपारचा प्रसंग मी त्यांना स्वयंपाकघरात आधीच सांगितला होता, थोडा मीठमसाला लावून. त्यांच्या एका हातात पन्ह्याच्या ग्लासांचा ट्रे होता. दुसऱ्या हातात वाळत घातलेले गमछे, घरातले होते नव्हते तेवढे.

"बांधा," त्या म्हणाल्या.

"काय?" वकील म्हणाले.

"तोंडं बांधा. गेटवर बोलता येते न तुमाले? मंग इथं काहून नाही येत? हे पन्हं इथं ठेवते. काय ते ठरल्याबिगर कोणी तोंड सोडायचं नाही. भाऊजी, तुमीबी."

आणि बांधली. शपथेवर सांगतो, रायपुरातल्या समाजवादी चळवळीचे सगळे थोर स्तंभ सोफ्यावर ओळीनं दरोडेखोरांसारखे बसले. समोर पन्ह्यात बर्फ तरंगतोय. ग्लासांवर पाण्याचे थेंब जमून खाली ओघळतायत. कैरीचा, वेलदोड्याचा वास थेट गमछ्यातून आत शिरतोय. इतकं मुद्देसूद बोलणं मी त्या खोलीत कधी ऐकलं नव्हतं. "अध्यक्ष महोदय" कुणी म्हटलं नाही. "त्या वकिलाचं म्हणणं मले मान्य हाय," काका म्हणाले. "त्या गुलाबरावांची शंका रास्त आहे," वकील म्हणाले. गेटवरच्या अटी सगळ्यांसमोर पुन्हा मांडल्या गेल्या, आमच्या गटानं त्यात एक भर घातली, की निर्णय बहुमतानं व्हावा, एकमतासाठी अडून बसू नये. एक पार्टी, एक झेंडा, एक भोंगा. बर्फ पुरता विरघळायच्या आत ठरलं. मग गमछे सुटले, आणि गुलाबकाकांनी साडूच्या घरचा पहिला ग्लास एका घोटात संपवून दुसरा उचलला.

पुढचं तुम्हाला आत्ताच सांगून टाकतो. ती पार्टी अजून आहे. वाढलीही आहे. दर बैठकीत भांडणं होतात, कडकडून होतात, आणि अजून फुटलेली नाही. मनहरणला मिलनं आपला माणूस म्हणून परत घेतलं, बाकीचेही आत गेले. परवा मी उरल्याला माईक पोचवायला गेलो होतो, तेव्हा तो सुटी होऊन बाहेर पडत होता. आता तो मिलच्या स्टोअरमध्ये असतो, भट्टीवर नाही. उन्हात निघण्याआधी त्यानं गमछा बांधायला घेतला. एक टोक दातांत धरलं, डाव्या हातानं वेढा दिला, पुन्हा दातांत, पुन्हा वेढा. उजव्या हाताची बोटं आत वळलेली आहेत, ती उघडत नाहीत. मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी तेव्हाच सांगितलं होतं, लवकर आणलं असतं तर बोटं वाचली असती. लवकर. म्हणजे ज्या संध्याकाळी आम्ही 'व्यापक' की 'संयुक्त' ते ठरवत होतो, तेव्हा.

"काम चलत हे भैया," तो म्हणाला. त्यात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं.

म्हणून मला लोक जेव्हा कौतुकानं विचारतात, की तुमच्या एकीची ती गमछ्याची गोष्ट सांगा ना, तेव्हा मी सांगतो, हावभाव करून सांगतो, आवाज काढून सांगतो, आणि हशा वसूल करतो. घरी येताना मात्र दात आवळलेले असतात. एवढा वेळ लागायला नको होता. एवढं अवघड नव्हतं ते.

तरीही त्या नवतपातला एक क्षण असा आहे की ज्याच्यासाठी मी त्या सगळ्यांना अर्धी माफी देऊन टाकली. अर्धीच.

एकी झाली त्याच्या दुसऱ्याच दिवशी आम्ही मिलच्या गेटवर गेलो. गुलाबकाका, दिवाकर वकील, मी आणि सुकवारो बाई. आत सोडताना शिपायानं सांगितलं, "चेहरा खोलिए।" सुरक्षेचा नियम होता. आम्ही गमछे सोडून खांद्यावर टाकले. कालची सगळी एकी कापडाआडची. आज उघड्या तोंडांनी काय होणार? सुकवारो बाईनंही दोघांच्या चेहऱ्यांकडे पाहिलं. तिचा नवरा त्या वेळी बाहेर ताडपत्रीखाली हात वर धरून बसलेला होता, कारण हात खाली सोडला की ठणका लागायचा.

मॅनेजरची खोली बर्फासारखी गार. तो माणूस हुशार होता. टेबलासमोर त्यानं एकच खुर्ची ठेवली होती, बाकीच्या काचेच्या भिंतीपलीकडे हलवलेल्या दिसत होत्या. तो उठून उभा राहिला, हात जोडले, आणि फक्त काकांकडे पाहून म्हणाला, "गुलाबरावजी, आप सबसे सीनियर हैं, समझदार हैं। आप बैठिए। बाकी लोग थोड़ा बाहर रुकें, हम दोनों आराम से निपटा लेंगे।"

जन्मभर काकांना कुठल्या मॅनेजरनं 'जी' म्हटलं नव्हतं. मी त्यांचा चेहरा पाहिला. त्यांना ते आवडलं होतं. अगदी मनापासून आवडलं होतं. त्यांचा हात खुर्चीच्या पाठीवर गेलासुद्धा. दिवाकर वकील भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहायला लागले. सुकवारो बाईनं पदराचं टोक मुठीत धरलं.

काकांनी ती खुर्ची उचलली, खाडकन वकिलांच्या समोर आणून आदळली, आणि वकिलांकडे बोट रोखून मॅनेजरवर ओरडले, "ये आदमी एक नंबर का गधा है साब, मले पक्कं मालूम हाय, पण हा आमच्या पार्टीचा गधा हाय, पहले इसको बिठाओ!"